झांझिबारचं जुनं शहर पायी पाहताना : सुरुवात गुलामांच्या बाजारापासून करा

टांझानियातल्या झांझिबार बेटावरचं जुनं शहर म्हणजे स्टोन टाउन. त्याची पायी सफर बहुतेक वाटाडे समुद्राकाठी सुरू करतात. किल्ला, सुलतानाचा महाल, कोरीव दरवाजे, दुपारचं जेवण, आणि दमल्यावर शेवटी जमलं तर गुलामांचा बाजार. मी हे शहर तीनदा पायी पाहिलं आहे आणि आता माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाला उलट्या टोकाने चालवते. हे महाल आणि हे दरवाजे कोणत्या पैशातून उभे राहिले ते आधी कळलं तर पुढचं सगळं शहर वेगळं दिसतं. शेवटी कळलं तर तोवर फोटो काढून झालेले असतात.

खाली एका दिवसाचा मार्ग दिला आहे. सकाळी आठला सुरू करून दुपारी दोन-अडीच तास विश्रांती घेतली तर सूर्यास्ताला संपतो. अंतर फार नाही. जुनं शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड किलोमीटरच्या आत मावतं. वेळ चालण्यात जात नाही, थांबण्यात जातो.

निघण्याआधी

जून ते ऑक्टोबर हा कोरडा आणि त्यातल्या त्यात थंड काळ. मार्च ते मे मोठा पाऊस असतो, त्याला तिथे 'मसिका' म्हणतात. नोव्हेंबरच्या सुमारास छोटा पाऊस येतो, तो 'वुली'. मोठ्या पावसात गल्ल्यांमधून पाणी वाहतं, तेव्हा हा मार्ग करू नका.

रमजानमध्ये जाणार असाल तर दिवसा रस्त्यावर खाणंपिणं टाळावं लागतं. बरीच उपाहारगृहं बंद असतात किंवा पडदे लावून चालतात. शहर बहुतांश मुसलमान आहे, त्यामुळे एरवीही खांदे आणि गुडघे झाकणारे सैल सुती कपडे घाला. पंजाबी ड्रेस उत्तम. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दुकानं बंद होतात, म्हणून शक्यतो शुक्रवार टाळा.

भारतीय पासपोर्टवर टांझानियाचा ई-व्हिसा काढता येतो. ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारमध्ये उतरणाऱ्या परदेशी पर्यटकांना तिथलाच प्रवास विमा सक्तीचा झाला. प्रौढांसाठी तो ४४ डॉलर ठरला होता. भारतातून काढलेला विमा त्याऐवजी चालत नाही, तेव्हा तो आधीच ऑनलाइन भरून ठेवा. पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र तुमच्या मार्गावर अवलंबून असतं. जाताना आणि परत भारतात येताना, दोन्हीकडचे नियम तिकीट काढण्याआधी पाहा, कारण लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. दार-एस-सलामहून येणार असाल तर वेगवान बोटीने सुमारे दोन तास लागतात. विमानापेक्षा मला बोट आवडते, कारण हे शहर समुद्राकडे तोंड करून बांधलेलं आहे आणि ते पहिल्यांदा तिथूनच दिसायला हवं.

वेळेबद्दल एक सूचना, कारण यामुळे माझी एक सकाळ वाया गेली. तिथला स्वाहिली भाषा बोलणारा माणूस घड्याळ सूर्योदयापासून मोजतो. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. 'सा ताटू', म्हणजे तिसरा तास, आपले नऊ. आपल्याकडच्या प्रहर-घटकांच्या हिशेबाची आठवण येईल. कुणाशी वेळ ठरवताना ती स्वाहिली वेळ की घड्याळाची, हे विचारून घ्या.

वाटाड्या घ्यावा का? पहिल्यांदा जात असाल तर घ्या, पण परवान्याचं ओळखपत्र पाहून आणि पैसे, तास, ठिकाणं आधी बोलून. बंदरावर आणि किल्ल्याजवळ गळ्यात पडणाऱ्या बिनपरवाना दलालांना तिथले लोकच 'पपासी' म्हणतात. पपासी म्हणजे गोचीड. पहिल्या खेपेला अशाच एकाने मला तीन तासांत दोन वास्तू आणि पाच भेटवस्तूंची दुकानं दाखवली. 'हापाना, असांटे' म्हणजे 'नको, धन्यवाद' एवढं हसून म्हटलं आणि चालत राहिलं की पुरतं.

पहिला थांबा : म्कुनाझिनी, गुलामांचा बाजार

सकाळी आठच्या सुमारास अँग्लिकन कॅथेड्रलच्या आवारात पोहोचा. पर्यटकांचे जथे दहानंतर येतात. इथे किमान दीड तास द्या.

तिकीट काढून आधी प्रदर्शन पाहा, चर्च नंतर. फलक वाचायला वेळ लागतो, पण गुलामांच्या व्यापाराचा नकाशा डोक्यात बसल्याशिवाय बाकीचं कळत नाही. आफ्रिकेच्या आतल्या भागातून, आजच्या मलावी, काँगो, झांबियापर्यंतच्या प्रदेशातून, माणसं पकडून किनाऱ्यापर्यंत चालवत आणली जात. येताना त्यांच्याच डोक्यावर हस्तिदंत असे. किनाऱ्यावरून होड्यांनी झांझिबार. इथून काही अरबस्तान आणि इराणी आखाताकडे विकले जात, काही याच बेटावर लवंगांच्या बागांत राबत. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने १८४०च्या सुमारास आपली राजधानी मस्कतहून इथे आणली ती याच भरभराटीमुळे. आणि या तांड्यांना भांडवल कुणी दिलं? बऱ्याच अंशी कच्छ-गुजरातच्या व्यापाऱ्यांनी. जकातीचा मक्ताही दीर्घकाळ भारतीय पेढ्यांकडे होता. आपण भारतीय म्हणून हे वाचताना नजर दुसरीकडे वळवू नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रदर्शनाशेजारी तळघरातल्या दोन खोल्या आहेत. वाकूनच आत जावं लागतं. भिंतीत फटींएवढी खिडकी, दोन्ही बाजूंना दगडी ओटे. विक्रीआधी गुलामांना इथे कोंडत, असं वाटाडे सांगतात. काही इतिहासकारांना ते मान्य नाही. त्यांच्या मते या खोल्या बाजार बंद झाल्यावर मिशनच्या इमारतीसाठी बांधल्या गेल्या. मी दोन्ही बाजू सांगते, पण आत जायला लावते. बाजार याच जागेवर होता याबद्दल वाद नाही.

बाहेर अंगणात जमिनीत एक खड्डा आहे आणि त्यात पाच माणसांची शिल्पं उभी आहेत, गळ्यात साखळ्या. क्लारा सोर्नास या स्वीडिश शिल्पकार बाईंनी १९९८ साली केलेलं हे स्मारक आहे आणि साखळ्या त्या काळातल्या, खऱ्या आहेत. लोक खड्ड्याच्या कडेला उभं राहून सेल्फी काढतात. तुम्ही काढू नका.

आता चर्चमध्ये चला. सय्यद सईदचा मुलगा सुलतान बरघश याने जून १८७३ मध्ये गुलामांचा बाजार बंद करण्याच्या करारावर सही केली. ती खुशीने नव्हे, ब्रिटिश आरमाराच्या नाकेबंदीच्या धाकाने. वाटाघाटींसाठी लंडनहून पाठवलेला माणूस होता सर बार्टल फ्रिअर, म्हणजे १८६२ ते १८६७ या काळातला मुंबईचा गव्हर्नर. त्याच वर्षी नाताळला बाजाराच्या जागेवर चर्चची पायाभरणी झाली आणि १८८०च्या सुमारास काम पुरं झालं. बिशप एडवर्ड स्टिअर याने ते उभं केलं. तो वेदीमागेच पुरलेला आहे. वेदीपुढे जमिनीवर पांढऱ्या संगमरवराचं वर्तुळ दिसेल. गुलामांना बांधून फटके मारत ते झाड इथे होतं, असं सांगतात. मागच्या बाजूचे काही खांब उलटे बसवलेले आहेत. बिशप गावाला गेला असताना गवंड्यांनी ते तसे उभारले, ही गोष्ट वाटाडा सांगेलच.

पण मी तुम्हाला थांबवेन ते एका साध्या लाकडी क्रुसापाशी. आफ्रिकेचा अंतर्भाग धुंडाळणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबो गावी वारला. त्याच्या आफ्रिकी साथीदारांनी त्याचं काळीज एका झाडाखाली पुरलं आणि देह वाळवून, महिनोन् महिने चालत किनाऱ्यावर आणला. हा क्रूस त्या झाडाच्या लाकडाचा आहे.

मी नाशिकची. शरणपूर रोड हा आमच्या रोजच्या जाण्यायेण्याचा रस्ता. शरणपूर हे नाव कशावरून, हे मला या क्रुसापुढे उभी राहीपर्यंत नीट माहीत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रात पकडलेल्या गलबतांवरून सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवत. त्यातली बरीच नाशिकजवळच्या मिशनच्या शरणपूरला पाठवली गेली. तिथे ती लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली. लिव्हिंग्स्टन १८६६च्या जानेवारीत मुंबईहूनच झांझिबारला निघाला तेव्हा यातली नऊ तरुण मुलं त्याच्याबरोबर होती. त्याच्या नोंदींत ती 'नासिक बॉईज' म्हणूनच येतात. पुढे १८७२ साली त्याच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीत जेकब वेनराइट होता, तोही नाशिकला शिकलेला. चितांबोच्या झाडाखाली अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख त्यानेच कोरली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत एकटा आफ्रिकी माणूस तो होता.

लहानपणी विकला गेलेला, समुद्रावर सुटलेला, गोदावरीकाठी अक्षर गिरवलेला मुलगा. त्या अक्षराने कोरलेल्या झाडाचं हे लाकूड. नाशिकहून कुणी झांझिबारला जात असेल तर त्याने बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल, इथे मात्र पाच मिनिटं उभं राहावं.

दुसरा टप्पा : दाराजानीहून समुद्राकडे

चर्चच्या आवारातून बाहेर पडून क्रीक रोडला या आणि उत्तरेला वळा. पाच मिनिटांत १९०४ सालची दाराजानी मंडई लागते. 'दाराजा' म्हणजे पूल. हा रस्ता आहे तिथे पूर्वी खाडी होती. खाडीच्या अलीकडे दगडी शहर, पलीकडे 'न्गांबो', म्हणजे पैलतीर. सुटलेले गुलाम, मजूर, गरीब आफ्रिकी लोक पैलतीरावर मातीच्या घरांत राहत. खाडी बुजवली गेली, पण म्हातारी माणसं अजून 'न्गांबोला जातो' म्हणतात.

मासळी बाजारात जायचं असेल तर लवकर जा. उन्हं चढली की वास सहन होत नाही. मसाल्याच्या रांगेत लवंग, दालचिनी, जायफळ, वेलदोडे घ्या, पण घासाघीस करून आणि सुटं नाणं हातात ठेवून. केशर म्हणून जे विकतात ते घेऊ नका, ते बहुधा करडईची फुलं असतात.

मंडईपाशी कान उघडे ठेवा. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', रंगाला 'रंगी', हिशेबाला 'हेसाबू', चपातीला 'चपाती' आणि एक लाखाला 'लाकी' म्हणतात. १९३६ साली शिलिंग येईपर्यंत इथे रुपया चालत होता, आधी भारताचा आणि १९०८ पासून त्याच्या जोडीला झांझिबारचा स्वतःचा.

मंडईपासून पश्चिमेला गल्ल्यांत शिरा. नकाशा खिशात ठेवा. उंच भिंतींमुळे फोनवरचा निळा ठिपका इथे भलत्या गल्लीत जाऊन बसतो. रस्ता चुकला तरी घाबरायचं कारण नाही. कोणत्याही दिशेने दहा मिनिटं चाललात की एक तर समुद्र लागतो, नाही तर क्रीक रोड.

या गल्ल्या अरुंद आहेत त्या सावलीसाठी, आणि घरं अशी आहेत ती लाकडामुळे. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. वरची जमीन पेलायला खारफुटीचे वासे, त्यांना 'बोरिती' म्हणतात. वाशाची लांबी जेमतेम तीन मीटर, म्हणून कितीही श्रीमंताचं घर असलं तरी खोल्या लांबट आणि चिंचोळ्या. गच्ची गळू लागली की पाणी चुन्यात मुरतं आणि भिंत आतून विरघळत जाते. पावसाळ्यानंतर एखादं घर बसल्याची बातमी येते ती यामुळे. २००० साली युनेस्कोने शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तरी ही झीज थांबलेली नाही.

घरांना बाहेरून दगडी कट्टे आहेत. त्यांना 'बराझा' म्हणतात. आपले ओटेच. संध्याकाळी पुरुष त्यावर बसून गप्पा मारतात, पावसाचं पाणी साचलं की माणसं त्यावरूनच चालत जातात. कट्ट्यावर वयस्कर कुणी बसलं असेल तर 'शिकामो' म्हणा. मोठ्यांना करायचा हा नमस्कार आहे. 'मराहबा' असं उत्तर येईल, आणि त्यानंतर तुम्हाला रस्ता सांगायला तिघं उठतील.

दरवाजे कसे वाचायचे

हुरुमझी आणि किपोंडा या भागांत चालताना मी चालण्याचा वेग निम्मा करते. दरवाजे इथे दाट आहेत. स्थानिक समजूत अशी की पूर्वी दरवाजा आधी उभा राही आणि घर मागून बांधलं जाई. माणसाची ऐपत दारावरून ठरे.

आधी वरची चौकट बघा. सरळ, आडवी असेल तर अरबी धाटणी, ही जुनी. वर कमान असेल तर भारतीय वळण, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. अरबी दारांवर वरच्या पट्टीत बहुधा कुराणातली आयत कोरलेली असते, क्वचित मालकाचं नाव आणि हिजरी साल. मग चौकटीच्या उभ्या कडा पाहा. तळाशी मासे, त्यातून वर चढणारी वेल, खजुराची पानं, कमळ, कडेने लाटांची नक्षी. मासा म्हणजे संतती, खजूर म्हणजे बरकत, असा अर्थ लावतात. बाहेरच्या कडेने साखळीची नक्षी असते. 'साखळी म्हणजे मालक गुलामांचा व्यापारी' असं काही वाटाडे छातीठोकपणे सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नका. साखळी ही घराच्या सुरक्षिततेची खूण म्हणूनही सर्रास कोरली जात असे.

पितळेचे टोकदार खिळे दिसले की आपल्याला गडाचे दरवाजे आठवतात. हत्तीने धडक देऊ नये म्हणून आपल्याकडे लोखंडी खिळे मारत. या बेटावर हत्ती नाहीत. कारागिरांबरोबर रीत आली आणि दागिना होऊन राहिली. मोठ्या दारातच एक लहान दार कापलेलं दिसेल, तो आपला दिंडी दरवाजा.

दाराचा फोटो काढायला हरकत नाही, पण दारात माणूस असेल तर आधी विचारा. 'नाओंबा कुपिगा पिचा' म्हणजे 'फोटो काढू का'. मान हलली नाही तर कॅमेरा खाली.

समुद्राची रांग

किपोंडातून उत्तरेला, बंदराच्या बाजूला निघालात की मिझिंगानी रस्त्यावर जुना दवाखाना दिसतो. हिरव्या-पांढऱ्या लाकडी सज्जांची तीन मजली इमारत, शहरातली माझी सगळ्यात आवडती. कच्छचा खोजा व्यापारी थारिया तोपन याने व्हिक्टोरिया राणीच्या १८८७ सालच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गरिबांसाठी रुग्णालय म्हणून तिची पायाभरणी केली. १८९१ साली तो वारला, इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. पुढे दुसऱ्या व्यापाऱ्याने ती विकत घेऊन खाली दवाखाना चालवला, तेच नाव राहिलं. १९९०च्या दशकात आगा खान ट्रस्टने ती नीट दुरुस्त केली. आत चौकात उभं राहून वर पाहा. सज्जांची लाकडी जाळी आणि रंगीत काचा पाहून जुन्या गुजराती हवेल्या आठवतात.

याच थारिया तोपनचं वैभव जकातीच्या मक्त्यावर आणि आतल्या भागात जाणाऱ्या तांड्यांना दिलेल्या कर्जांवर उभं होतं. टिप्पू टिपसारखा हस्तिदंत आणि गुलामांचा बडा व्यापारी त्याचा ऋणको होता. म्हणून मी म्हणते की सकाळी बाजार आधी पाहावा.

तिथून दक्षिणेला समुद्र उजव्या हाताला ठेवून चाला. १९११ साली सुलतान खलिफाने लावलेलं मोठं झाड, त्याखाली होड्यांची डागडुजी. मग पॅलेस म्युझियम. १९६४ साली आफ्रिकी लोकांनी सुलतानाची सत्ता उलथवली, त्या क्रांतीनंतर त्याला लोकांचा महाल म्हणू लागले, १९९४ पासून संग्रहालय आहे. राजकन्या सालमे हिची खोली शोधा. सय्यद सईदची ही मुलगी घरात चोरून लिहायला शिकली, जर्मन व्यापाऱ्याच्या प्रेमात पडली आणि १८६६ साली जहाजातून निसटली.

पुढची पांढरी, खांबांची इमारत म्हणजे बैत-अल-अजायब, नवलांचा महाल. सुलतान बरघशने १८८३ साली बांधला. शहरातली पहिली वीज इथे आली, पहिली लिफ्ट इथे आली, म्हणून नवल. बरघशची मुंबईशी ओळख होती. तरुणपणी भावाविरुद्ध बंड केल्यावर १८५९ मध्ये त्याला मुंबईला हद्दपार केलं होतं आणि दोनेक वर्षं तो तिथे राहिला. गादीवर आल्यावर त्याने शहरात नळाचं पाणी आणलं, हमामखाने बांधले, महाल उभे केले. मुंबईत जे पाहिलं त्याचा यात वाटा असावा, असं मला वाटतं.

२५ डिसेंबर २०२० रोजी या महालाचा कोपरा आणि घड्याळाचा मनोरा कोसळला. डागडुजी चालू होती, दोन कामगार दगावले. तेव्हापासून महाल बंद आहे. आत सोडतात का हे तिथे पोहोचल्यावर विचारा, पण समोरच्या बागेतूनही तो कोपरा दिसतो.

याच किनाऱ्यावर २७ ऑगस्ट १८९६ रोजी सकाळी नऊ वाजून गेल्यावर ब्रिटिश युद्धनौकांनी तोफा डागल्या. खालिद बिन बरघश याने ब्रिटिशांच्या संमतीशिवाय गादी घेतली होती. पाऊण तासाच्या आत सगळं संपलं. इतिहासातलं सर्वांत छोटं युद्ध म्हणून ते सांगितलं जातं आणि ऐकणारे हसतात. त्या पाऊण तासात महालातली सुमारे ५०० माणसं मेली किंवा जखमी झाली. ब्रिटिशांचा एक खलाशी जखमी झाला. हे दोन आकडे शेजारी ठेवून ती गोष्ट सांगावी.

महालाला लागून जुना किल्ला, 'न्गोमे कोंग्वे'. गोव्याहून कारभार हाकणाऱ्या पोर्तुगीजांना १६९८ साली मोंबासातून हाकलल्यावर ओमानी अरबांनी तो बांधला, पोर्तुगीज प्रार्थनास्थळाच्या जागेवर. आत फारसं काही नाही, अर्धा तास पुरे. फेब्रुवारीत 'साउटी झा बुसारा' हा संगीत महोत्सव इथे भरतो. तेव्हा गेलात तर मात्र रात्री याच.

आता साडेबारा-एक झाला असेल. जेवा, पडा. दोन ते चार उन्हात फिरू नका.

दुपारनंतर

चारला किल्ल्यामागच्या गिझेंगा रस्त्याने आत शिरा आणि जुळ्या मनोऱ्यांचं सेंट जोसेफ कॅथेड्रल गाठा. फ्रेंच मिशनऱ्यांनी १८९०च्या दशकात बांधलेलं हे चर्च गोवेकरांचं होतं. झांझिबारच्या सरकारी कचेऱ्यांतले कारकून, शिंपी, वाजंत्री, छायाचित्रकार यांत गोव्याची माणसं भरपूर. शहराची जुनी छायाचित्रं आज आपल्याला दिसतात त्यातली कितीतरी ए. सी. गोम्स यांच्यासारख्या गोवेकरांच्या स्टुडिओतली आहेत. मुख्य दार बंद असेल तर बाजूच्या दाराने विचारून आत जाता येतं.

तिथून पूर्वेला पाच-सात मिनिटांवर 'जॉज कॉर्नर'. चार-पाच गल्ल्या जिथे मिळतात तो चौक. पितळी किटलीतून चिमुकल्या कपात कडू काळी कॉफी मिळते, माणसं सोंगट्या आणि बाओ खेळतात, राजकारणावर तावातावाने बोलतात. बसा. इथे काही पाहायचं नाही, ऐकायचं आहे. थोडं पुढे हमामनीचे हमामखाने आहेत, बरघशने इराणी धाटणीवर बांधलेले, १९२० पासून बंद. किल्ली राखणदाराकडे असते. वेळ कमी असेल तर हे सोडा.

मग परत पश्चिमेला, शांगानीकडे. केन्याटा रस्त्यावर 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं छोटं संग्रहालय २०१९ साली सुरू झालं. फ्रेडी म्हणजे ५ सप्टेंबर १९४६ रोजी इथे जन्मलेला फारुख बलसारा, पारशी सरकारी रोखपालाचा मुलगा. आठव्या वर्षी त्याला शिकायला पाठवलं ते आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, आणि व्यासपीठावर पियानो वाजवायला त्याने तिथेच सुरुवात केली. १९६४च्या जानेवारीत क्रांती झाली, हजारो अरब आणि भारतीय मारले गेले, उरलेल्यांतले बरेच देश सोडून गेले. बलसारा कुटुंब त्यात होतं. संग्रहालयात गाणी आणि कपडे आहेत, पण मी तिथे त्या वर्षाचा विचार करत उभी राहते. सकाळच्या बाजारातून सुरू झालेला राग त्या जानेवारीपर्यंत येऊन पोहोचला होता, आणि तो निरपराधांवरही कोसळला.

जवळच टिप्पू टिपचं घर आहे. १९०५ साली तो इथेच वारला. दरवाजा भव्य आहे, घर मोडकळीला आलेलं आणि आत कुटुंबं राहतात. बाहेरूनच पाहा, दार ठोठावू नका.

सूर्यास्त आणि जेवण

साडेसहाच्या आत फोरोधानी बागेत परत या. धक्क्यावरून पोरं समुद्रात उड्या मारत असतात. अंधार पडताच कंदील लावून खाद्यपदार्थांच्या टेबलांची रांग लागते. भाव आधी विचारा, टेबलावर मांडून ठेवलेली मासळी कधीची आहे तेही विचारा. मला विचाराल तर मासळी इथे न खाता 'उरोजो' खा. हळद आणि कैरीच्या आंबट कढणात भजी, कसाव्याचे कुरकुरीत काप, चटणी आणि 'कचोरी'. ही कचोरी म्हणजे बेसनात बुडवून तळलेला बटाट्याचा गोळा. पहिल्या घासाला मराठी माणूस ओळखतो. शाकाहारी असाल तर 'सिली न्यामा', मी मांस खात नाही, असं सांगा, नाही तर वर मांसाची काडी येते. सोबत आलं-लिंबू घातलेला उसाचा रस.

रात्री गल्ल्यांतून एकट्याने परत जाऊ नका. मोठ्या रस्त्याने जा, किंवा बागेच्या बाहेरून टॅक्सी करा आणि बसण्याआधी भाडं ठरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी असेल तर क्रीक रोड ओलांडून न्गांबोत जा. तिथे कोरीव दारं नाहीत, तिकीट नाही, फलकही नाही. ज्यांच्या पूर्वजांना म्कुनाझिनीत उभं केलं होतं त्यांची नातवंडं-पणतवंडं तिथे राहतात, सायकली दुरुस्त करतात, मुलांना शाळेत सोडतात. एखाद्या टपरीवर चहा प्या. त्यालाही ते 'चाय'च म्हणतात.